महापाषाणीय थडगी, थूपपरंपरा आणि संरक्षणाचा प्रश्न

मराठीतील लोकप्रिय इतिहासलेखनात ‘नवाश्मयुगीन महापाषाणीय थडगी’ असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरावर विद्यार्थ्यांसह गेलो असता हाच शब्दप्रयोग आमच्या कानी पुन्हा पडला. लेण्यांतील थूप पाहून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, थूप म्हणजे नवाश्मयुगातल्या थडग्याचेच पुढचे रूप ना?” प्रश्न साधा होता; परंतु त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या. काळाची गल्लत होती, थूपाच्या उत्पत्तीविषयीचे एक अर्धसत्य होते आणि या अवशेषांवर हक्क कोणाचा हा न विचारलेला प्रश्नही होता. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा विचार करून अखेरीस संरक्षणाच्या प्रश्नाकडे वळण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम काळाविषयी. प्रचंड शिळा रचून थडगी बांधण्याची प्रथा पश्चिम युरोपात नवाश्मयुगात होती, यात शंका नाही. आयर्लंडमधील न्यूग्रेंजचे थडगे सुमारे इ. स. पू. ३२०० मधील आहे. ते बांधणाऱ्यांना लोखंड ठाऊक नव्हते. दख्खनची गोष्ट वेगळी आहे. येथील नवाश्मयुगीन व ताम्रपाषाणयुगीन लोक आपल्या मृतांना बहुधा वस्तीतच, घराच्या जमिनीखाली पुरत असत. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात याचे विपुल पुरावे मिळाले. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेले होते. प्रौढांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली होती. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याची पावले मात्र शाबूत होती. मृतांविषयीची भावना तेथे उत्कट आहे, मात्र वर्तुळात मांडलेले मोठे धोंडे कोठेही नाहीत.

महाराष्ट्रातील शिलावर्तुळे याच्या नंतरची, लोहयुगाची आहेत. इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात व मध्यात ती रचली गेली. त्यांचे मुख्य क्षेत्र विदर्भ होय. नागपूर परिसरातील जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड, भागीमोहारी, रायपूर (हिंगणा) आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही स्थळे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. जमिनीवर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडावयाचे, आत मृताच्या अस्थी व त्याच्या वस्तू ठेवावयाच्या आणि काळी माती, मुरूम व गोटे यांची भर घालून उंचवटा करावयाचा, अशी सामान्यतः त्यांची रचना असते. आत काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी आणि घोड्याचे लगाम सापडतात. माहूरझरी येथे तर घोड्याचे अवशेष त्याच्या तांब्याच्या शिरोभूषणांसह मिळाले. ज्या थडग्यात लोखंडी लगाम आहे त्याला नवाश्मयुगीन म्हणणे म्हणजे न्यूग्रेंजशी त्याची दोन सहस्रकांची चुकीची गाठ बांधणे होय.

ही गल्लत रूढ कशी झाली, हेही समजून घेण्यासारखे आहे. या अवशेषांकडे प्रथम लक्ष वेधले ते एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मिशनऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी. मायदेशातील शिलावर्तुळे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यूच या शोधाशी निगडित आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असता बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. पुढे १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांविषयी लिहिताना धोंड्यांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधील तशाच खुणांशी केली. तुलना करण्यात दोष नव्हता. दोष तुलनेलाच पुरावा मानणाऱ्या नंतरच्या वाचकांचा होता. जुनापाणीचे शास्त्रीय उत्खनन बी. के. थापर यांनी १९६१ च्या सुमारास केले. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे, तर जामखेडकरांसह नैकुंड येथे केलेल्या कार्यामुळे या संस्कृतीचे चित्र स्पष्ट झाले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. थडग्यांतील लोखंड बाहेरून आलेले नव्हते, ते याच भूमीत गाळले जात होते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

आता सातारा-सांगलीकडे येऊ. विदर्भासारखी वर्तुळांची विस्तीर्ण क्षेत्रे या दोन जिल्ह्यांच्या नावावर नाहीत. परंतु ज्या कृष्णेने हे जिल्हे घडवले, ती सांगली सोडून पुढे गेली की तिच्या खोऱ्यात महापाषाणीय अवशेषांची एक मोठी मालिका सुरू होते. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ, घटप्रभेच्या परिसरात, कोण्णूर येथे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेली थडगी आहेत. यादगीर जिल्ह्यातील राजन कोळूर आणि भीमेच्या खोऱ्यातील जेवर्गी येथील अवशेषांचे वर्णन मेडोज टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच करून ठेवले. त्याहून दक्षिणेस, तुंगभद्रेच्या बाजूस, कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेणकल आहे. तेथे दगडी घरांसारखी शेकडो थडगी एका डोंगरावर उभी आहेत. राजकीय नकाशाने सांगलीच्या पुढे रेषा ओढली आहे. नदीला व तिच्या काठच्या प्राचीन मनुष्याला ती ठाऊक नव्हती.

या मालिकेतील एक स्थळ आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मलप्रभेकाठच्या ऐहोळे गावी मेगुती नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर महापाषाणीय थडगी आहेत. त्याच माथ्यावर रविकीर्तीच्या इ. स. ६३४ च्या सुप्रसिद्ध प्रशस्तीचे जैन मंदिर आहे, आणि उतारावर एक दुमजली बौद्ध वास्तू आहे. मंदिर बांधणाऱ्यांना व भिक्खूंना ती जुनी थडगी दिसत नव्हती असे म्हणता येणार नाही. तरीही ती मोडून त्यांचे दगड भिंतीत घालण्याचे काम पूर्णत्वास गेले नाही. तिन्ही वास्तू आज एकाच टेकडीवर नांदत आहेत. आंध्रातील अमरावतीची स्थितीही लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अलेक्झांडर री यांनी केलेल्या उत्खननांत महाथूपाच्या परिसरात महापाषाणीय धाटणीचे अस्थिकुंभ मिळाले. पूर्वीच्या मृतांच्या सान्निध्यात बौद्ध वास्तू उभ्या राहिल्याची अशी उदाहरणे ग्रेगरी शोपेन यांनी १९९६ च्या एका निबंधात एकत्रित करून चर्चेस आणली.

तर मग विद्यार्थ्याचे म्हणणे खरे मानावे काय? येथे पाली व वैदिक वाङ्मयाची साक्ष काढली पाहिजे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात स्मशानाच्या आकाराची चर्चा आली आहे. देवांच्या बाजूचे लोक ते चौकोनी करतात, तर असुरांच्या बाजूचे प्राच्य व इतर लोक ते वर्तुळाकार करतात, असा भेद तेथे सांगितला आहे. म्हणजे गोल समाधी ही पूर्वेकडील अवैदिक लोकांची खूण होती, हे त्यांच्या विरोधकांच्याच तोंडून आपल्याला कळते. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात आनंद जेव्हा तथागतांच्या देहाची व्यवस्था कशी करावी असे विचारतो, तेव्हा चक्रवर्ती राजाच्या देहाची जशी करतात तशी, असे उत्तर मिळते. थूप चौरस्त्यावर उभारावा, असेही तेथे सांगितले आहे. थूपास योग्य अशा चार व्यक्तींत तथागत, पच्चेकबुद्ध आणि श्रावक यांच्या बरोबरीने चक्रवर्ती राजाही गणला आहे. याचा अर्थ उघड आहे. थूप ही भिक्खुसंघाने शून्यातून काढलेली कल्पना नव्हे. मृताच्या अस्थींवर उंचवटा करण्याची प्रथा समाजात आधीपासून होती. धम्माने ती स्वीकारली आणि तिला नवा आशय दिला.

परंतु येथेच थांबले पाहिजे. उंचवटा, वर्तुळ आणि अस्थी यांचे साम्य दिसले म्हणून विदर्भातील शिलावर्तुळापासून सांचीच्या थूपापर्यंत सरळ वंशवृक्ष काढता येत नाही. द्रोण ब्राह्मणाने अस्थींचे आठ भाग केले ते उत्तरेकडील गणराज्यांत आणि राजकुलांत. लोखंडी लगाम वापरणारे घोडेस्वार दख्खनमधले. दोहोंमध्ये मृतांविषयीच्या आदराचे नाते आहे. बांधणीच्या परंपरेचे नाते सिद्ध करावयाचे तर स्थळागणिक स्वतंत्र पुरावा पाहिजे.

नावांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. हिरेबेणकलच्या परिसरात ही थडगी ‘मोरेरू’ नावाच्या बुटक्या पण महाबलाढ्य लोकांची घरे होत, अशी लोककथा आहे. पाली जाणणाऱ्याला लगेच पिप्फलिवनचे मोरिय आठवतात. अस्थींची वाटणी संपल्यावर पोहोचल्यामुळे त्यांना केवळ चितेतील निखारे मिळाले होते. साताऱ्याच्या वाचकास जावळीचे मोरेही आठवतील. तीन नावे एका सुरात लागतात म्हणून तीन इतिहास एक होत नाहीत. ध्वनिसाम्यावर उभारलेला इतिहास पहिल्याच पावसात वाहून जातो आणि जाताना खऱ्या पुराव्याचीही विश्वासार्हता घेऊन जातो.

सातारा जिल्ह्याचे खरे भाग्य असे की, येथील प्राचीन बौद्धांचा पुरावा ध्वनिसाम्यावर नव्हे, तर शिलालेखांवर उभा आहे. भरहुतच्या कठड्यावरील लेखांत ‘करहकट’ नगराच्या निगमाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. कोकणातील कुडे लेण्यांत याच नगरातील महिक नावाच्या लोहव्यापाऱ्याने लेणे दान केल्याचा लेख आहे. हे करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड होय. आगाशिवाच्या व जखिणवाडीच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी एका चैत्याच्या दर्शनी भागी धम्मचक्र आणि सिंह कोरलेले आहेत. नैकुंडच्या भट्टीत लोखंड गाळणारा कारागीर आणि कुड्याला लेणे कोरविणारा महिक यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर आहे आणि दोघांचा प्रत्यक्ष संबंध आम्ही सुचवीत नाही. तरी एक फरक नोंदवावासा वाटतो. पहिल्याने लोखंड मृताबरोबर पुरले. दुसऱ्याने लोखंडाच्या व्यापारातून मिळवलेले धन जिवंत भिक्खूंच्या वर्षावासासाठी डोंगरात ओतले. दानाची दिशा बदलली, ती धम्मामुळे. हा बदल समजावयाचा असेल तर त्याच्या आधीची अवस्था सांगणारे अवशेषही टिकले पाहिजेत. थडगी नष्ट झाली तर लेण्यांचा अर्थही अपुरा राहील.

येथून आम्ही संरक्षणाच्या प्रश्नाकडे येतो. १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यापासून या देशात अशा वास्तूंना कायद्याचे कवच मिळू लागले. आज केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्र राज्याचा १९६० चा कायदा त्यासाठी आहे. केंद्राच्या कायद्यानुसार शासन प्रथम आपला इरादा जाहीर करते, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत देते आणि नंतर स्थळ संरक्षित असल्याची अधिसूचना काढते. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळाभोवतीच्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीवाचून करता येत नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुनापाणीची शिलावर्तुळे या संरक्षणाखाली आहेत. हिरेबेणकल २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

तथापि कायद्याचे हे कवच अधिसूचनेपासून सुरू होते. ज्या वर्तुळाची नोंद नाही, त्याचे धोंडे शेत सपाट करताना बांधावर जातात, त्याचा मुरूम रस्त्यावर पडतो आणि त्यातील मडक्यांची खापरे होतात. यंत्राला एका दुपारचे काम पुरते. नासधूस करणारा नेहमी लोभीच असतो असेही नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो धोंडा नांगराला अडथळा असतो. आपल्याकडे गावाची भूमी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी ओळखली जाते. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात पसरण्याची रीत कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या मातीबरोबर कैक शतकांचे थर गाडीत भरले गेले. मातीचा गुण शेतकऱ्याला अचूक कळला होता. ती माती कशामुळे गुणकारी झाली, हे त्याला सांगण्याचे काम शिकलेल्यांचे होते. ते आपण केले नाही.

सातारा जिल्ह्याला वारशाचा अभिमान नाही असे कोण म्हणेल? कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या निमित्ताने जागतिक वारशात समाविष्ट झाले. प्रतापगड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या दुर्गमालिकेतून त्याच यादीत गेला. गडाला नाव आहे, नायक आहे, त्याची आठवण काढणारे लक्षावधी लोक आहेत. शिलावर्तुळातील मृताला यांपैकी काहीच नाही. त्याचे नाव, भाषा, देव आपल्याला अज्ञात आहेत आणि त्याचा वंशज म्हणून पुढे येणारा कोणी नाही. ज्याच्यासाठी भांडणारे कोणी नाही, त्याचे रक्षण करणे ही समाजाच्या न्यायबुद्धीची कसोटी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने स्मारकांचे रक्षण राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ (क) ने संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. त्या शब्दांत वारशाच्या मालकीचा दाखला मागितलेला नाही.

आता एक अप्रिय गोष्ट आमच्याच वाचकांपुढे ठेवली पाहिजे. विनयपिटकातील भिक्खुनीविभंगात एक कथा आहे. वेसालीत काही भिक्खुनींनी आपल्या एका दिवंगत ज्येष्ठ भगिनीसाठी थूप केला आणि त्या तेथे जाऊन शोक करू लागल्या. जवळच स्मशानात राहणाऱ्या कप्पितक या थेराला त्या आवाजाचा उपद्रव झाला. त्याने तो थूप फोडून विखरून टाकला. संतापलेल्या भिक्खुनी त्याच्या जिवावर उठल्या. उपालीने आधी सूचना दिल्यामुळे तो वाचला. मग त्या उपालीला शिव्या देऊ लागल्या. या प्रसंगावरून जो नियम झाला, तो भिक्खुनींनी भिक्खूला अपशब्द बोलू नये असा आहे. थूप फोडल्याबद्दल तेथे नियम नाही.

ही कथा अडचणीची आहे, म्हणूनच ती वारंवार वाचली पाहिजे. मृताचे स्मारक फोडणारा परधर्मीयच असतो, असे मानण्याची सवय आपल्या सर्वांना लागली आहे. येथे फोडणारा थेर आहे, आणि ज्यांचे स्मारक फुटले त्यांच्या दुःखाची दाद संहितेने घेतलेली नाही. ते दुःख संहितेत नोंदले गेले, एवढेच तिचे प्रामाणिकपण. आज एखाद्या माळावर दगडांचे वर्तुळ आढळले की आठवड्याच्या आत कोणी त्याला पांडवांची जागा म्हणतो, कोणी शेंदूर फासतो, कोणी धन शोधण्यासाठी रात्री खणतो. आणि आपल्यापैकीही कोणी घाईने त्यावर थूप असल्याची पाटी लावून निळा-पांढरा रंग देतो. हेतू भिन्न आहेत, परिणाम एकच. पुराव्याचा मूळ थर बिघडतो आणि तो पुन्हा जुळवता येत नाही. बौद्ध वास्तू आपल्या ताब्यातून गेल्याचे दुःख ज्यांना आहे, त्यांनी दुसऱ्या कोणाच्या अज्ञात मृताची जागा आपली म्हणून घेऊ नये.

मग सामान्य उपासकाने व शिक्षकाने काय करावे? आमच्या मते चार गोष्टी सहज साध्य आहेत. पहिली, संशयित स्थळाचा गट क्रमांक, दिशा, वर्तुळाचा व्यास आणि धोंड्यांची संख्या लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे. एकही दगड हलवू नये. दुसरी, वर आलेले खापर किंवा लोखंडाचा तुकडा घरी आणू नये, कारण जागेपासून तुटलेली वस्तू आपला अर्धा अर्थ गमावते. जमिनीत पुरलेले मूल्यवान द्रव्य सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवावे. तिसरी, राज्याच्या पुरातत्त्व विभागास लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी आणि ग्रामसभेत त्या जागेची नोंद करून घ्यावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्याच्या शेतात ते स्थळ आहे त्या शेतकऱ्याशी आधी बोलावे. त्याला विश्वासात न घेता दिलेला अर्ज म्हणजे त्याला यंत्र बोलावण्याची घाई करण्यासारखेच आहे. जमिनीचा तुकडा अडकल्यास त्याचे नुकसान होते, ही त्याची भीती खरी आहे आणि तिची दखल घेतल्यावाचून कोणतेही संरक्षण टिकणार नाही.

शेवटी पुन्हा महापरिनिब्बानसुत्ताकडे वळू. त्या सुत्ताच्या आरंभी वज्जींच्या अभ्युदयाची सात कारणे सांगितली आहेत. त्यांपैकी एक कारण असे की वज्जी आपल्या चेतियांचा आदर करतात आणि पूर्वापार चालत आलेले त्यांचे धर्म्य अर्पण बंद पडू देत नाहीत. ही चेतिये बुद्धाची नव्हती. उदेन, गोतमक, सत्तम्ब, बहुपुत्त, सारन्दद, चापाल ही वेसालीची चेतिये धम्माच्या आधीची, लोकांची होती. तथागतांनी ती मोडावयास सांगितले नाही, वा त्यांना आपले नावही दिले नाही. त्यांचा मान राखणे हे समाज टिकण्याचे लक्षण म्हणून सांगितले.

त्या वचनात आणखी एक बारकावा आहे. नगराच्या आतील आणि नगराबाहेरील अशा दोन्ही चेतियांचा तेथे उल्लेख आहे. आतील चेतियांची काळजी कोणीही घेईल. ती डोळ्यांसमोर असतात, तेथे उत्सव भरतात. माळावरच्या, वाट चुकलेल्या गुराख्यालाच दिसणाऱ्या चेतियांची काळजी घेणारा समाज विरळा. आगाशिवच्या लेण्यांत वंदना करून उतरताना आपण त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे : थूप हा थडग्याचा वंशज आहे की नाही, याचा निर्णय पुराव्याने होईल, पण तो पुरावा ज्या धोंड्यांखाली आहे, ते जागचे हलू न देणे हे आजच्या पिढीचे काम आहे.